होऊन जाईल

ताईचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी सोमवारपासून साइटवर रुजू होतेय, चार गोष्टी सांग तिला. मुद्दाम कागदावर लिहितोय. फोनवर सांगायला लागलो की तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस, आणि मला या 'हो'बद्दलच बोलायचं आहे.

कोथरूडची अरुंद गल्ली, जुन्या सोसायटीचा पुनर्विकास, खाली पार्किंग, वर सात मजले, मजल्याला चार फ्लॅट. तुमच्या कंपनीने आता 'लीन' पद्धतीने काम करायचं ठरवलंय, तुला दोन दिवसांचं ट्रेनिंग झालंय आणि रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे मिळालेत, हेही ताईकडून कळलं. चिठ्ठ्या चांगल्या आहेत. फक्त त्या भिंतीला चिकटवल्या म्हणजे पद्धत आली असं समजू नकोस.

या लीनची मूळ गोष्ट टोयोटाच्या कारखान्यातली. तिथे गाडी पट्ट्यावरून पुढे सरकते आणि कामगार जागेवर असतो. आपल्याकडे उलटं. इमारत जागेवर असते आणि माणसं तिच्यातून सरकतात: सेंटरिंगवाले, मग सळईवाले, मग काँक्रीट, वीटकाम, वायरिंग, प्लंबिंग, गिलावा, फरशी. म्हणून कारखान्याची नुसती नक्कल आपल्याला उपयोगाची नाही. 1992 मध्ये लॉरी कोस्केला नावाच्या फिनलंडच्या संशोधकाने स्टॅनफर्डमध्ये बसून एक अहवाल लिहिला, की बांधकामाकडेही एक वाहतं उत्पादन म्हणून बघायला हवं. त्याच काळात अमेरिकेत ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेगरी हॉवेल साइटवर जाऊन एक साधी गोष्ट मोजत होते. या आठवड्यात करतो म्हणून लिहिलेल्या कामांपैकी त्याच आठवड्यात पुरी किती झाली? उत्तर आलं, निम्म्याच्या जरा वर. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपल्याकडेच असं आहे.

आता माझ्या गोष्टी.

आधी तासभर एका जागी उभी राहा

टोयोटाचे तैइची ओहनो नव्या इंजिनिअरला जमिनीवर खडूने वर्तुळ काढून त्यात उभं करायचे आणि 'बघ' म्हणून निघून जायचे, असं सांगतात. तूही पहिल्या आठवड्यात हे कर. खडू नको, हेल्मेट हवं. चौथ्या मजल्यावर एक गवंडी निवड आणि तासभर त्याच्याकडे बघ. वीट उचलून मालावर बसवून ओळंबा लावतो, तेवढंच खरं काम. बाकी वेळ तो मालाच्या घमेल्याची वाट बघतो, परांची सरकवतो, लाइनदोरी शोधतो, दाराची रुंदी विचारायला खाली उतरतो. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा तासातला निम्म्याहून कमी वेळ विटेला मिळाला होता, आणि तो माणूस एक मिनिटही आळसात बसलेला नव्हता.

हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की 'लेबर काम करत नाही' हे वाक्य तुझ्या तोंडून निघणार नाही. ओहनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: वाट बघणं, माल इकडून तिकडे नेणं, माणसाने उगाच हिंडणं, गरजेपेक्षा जास्त साठवणं, गरजेआधी करून ठेवणं, गरजेपेक्षा जास्त कलाकुसर करणं आणि चुकलेलं परत करणं. यादी पाठ करू नकोस. त्या तासाभरात सातांपैकी किती दिसले ते वहीत लिही.

कर्ता शोध

ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, म्हणून इथे जरा थांबतो.

साइटवर सर्वांत जास्त बोललं जाणारं वाक्य आहे 'होऊन जाईल, साहेब'. बिहार-बंगालची माणसं असतील तर 'हो जाएगा'. व्याकरणाच्या तासाला शिकलीस ना, वाक्यात कर्ता असतो म्हणून? या वाक्यात करणारा कोणी नाही. काम आपलं आपण होणार आहे, जसा पाऊस होतो. ते कोण करणार, किती माणसं घेऊन, कुठल्या दिवशी संध्याकाळपर्यंत, यातलं काही त्यात नाही. आणि आपण ऐकणारेही खुश होतो, कारण आपल्यालाही वरच्यांना तेच सांगायचं असतं.

नाशिकच्या एका साइटवर मी एका वयस्कर सेंटरिंग मिस्त्रीला विचारलं होतं, "बुधवारी जिन्याचं सेंटरिंग होईल ना?" तो म्हणाला, "होऊन जाईल." बुधवारी जिन्यात एक फळीसुद्धा नव्हती. मी चिडलो, चार माणसांत त्याला बोललो. त्याने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला म्हणाला, "साहेब, तुम्ही मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं." प्लायवुड त्याच्याकडे नव्हतंच. खालच्या स्लॅबखाली अडकलेलं होतं आणि तो स्लॅब शनिवारपर्यंत खोलता येणार नव्हता. त्याला सोमवारीच हे माहीत होतं. माझ्या 'ना?'मध्ये 'नाही' म्हणायला जागाच नव्हती.

बॅलार्ड-हॉवेल यांच्या पद्धतीला लास्ट प्लॅनर म्हणतात. हा शेवटचा नियोजक ऑफिसात बसत नाही. उद्या सकाळी माणसं कामाला लावणारा मुकादम, तोच शेवटचा नियोजक. वेळापत्रक संगणकावर कितीही सुंदर असलं तरी काम होणार ते त्याच्या शब्दावर. म्हणून शनिवारी दुपारी, आठवड्याची खर्ची वाटायच्या आधी, सगळ्या ठेक्यांचे मुकादम फळ्यासमोर उभे कर. बसायला खुर्च्या नकोत, म्हणजे अर्ध्या तासात उरकतं. ज्याचं काम त्यानेच चिठ्ठी लावायची. सेंटरिंगला पिवळी, सळईला हिरवी, वायरिंगला निळी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपला रंग दिसतो. चिठ्ठीवर तीन गोष्टी: कोण, काय, कुठल्या दिवशी संध्याकाळपर्यंत. 'तिसऱ्या मजल्याचं वायरिंग' ही चिठ्ठी नाही. 'फ्लॅट 302, झिरी मारून पाइप बसवणे, बुधवार' ही चिठ्ठी.

आणि प्रश्न उलटा विचारायला शीक. 'बुधवारी होईल ना?' असं नको. 'बुधवारी का होणार नाही?' असं विचार. बघ, मिस्त्री कसा बोलायला लागतो.

पुढच्या शनिवारी त्याच चिठ्ठ्या मोज. वीस शब्द दिले होते, अकरा पाळले, म्हणजे पंचावन्न टक्के. नव्वद टक्के झालेलं काम शून्य धर, कारण गिलाव्याचा एक कोपरा राहिला असला तरी रंगारी त्या खोलीत शिरू शकत नाही. मात्र हा आकडा छडीसारखा वापरलास तर संपलं. पुढच्या वेळी ते सोपीच कामं सांगतील आणि तुझे टक्के नव्वद होतील, इमारत मात्र आहे तिथेच. न झालेल्या नऊ चिठ्ठ्यांच्या मागे कारण लिही. तीन-चार आठवड्यांत दिसेल की तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा येतात. तुझं खरं काम ती कारणं काढण्याचं.

सात गोष्टी हातात आल्याशिवाय चिठ्ठी लावू देऊ नकोस

कोस्केलांनी कुठल्याही कामाला लागणाऱ्या सात गोष्टी सांगितल्यात: नक्शा, माल, माणसं, यंत्र, जागा, आधीचं काम आणि बाहेरची परिस्थिती. पुढच्या स्लॅबचंच घे. नक्शा म्हणजे आरसीसीवाल्यांचा अंतिम नक्शा, 'थोडा बदल आहे, उद्या पाठवतो' असा नाही. माल म्हणजे सळईबरोबर कव्हर ब्लॉक, बाइंडिंग तार आणि फॅन बॉक्ससुद्धा. यंत्र म्हणजे व्हायब्रेटर, आणि त्याची जास्तीची सुई. आधीचं काम म्हणजे प्लंबरचे स्लीव्ह बसलेत का, आणि आरसीसी सल्लागाराने सळई तपासून सही दिली का. बाहेरची परिस्थिती म्हणजे पाऊस आणि तुमची गल्ली.

समजा साठ घनमीटरचा स्लॅब आहे. सहा घनमीटरच्या दहा गाड्या. शहरात बऱ्याच रस्त्यांवर गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी असते. प्लँटमध्ये पाणी घातल्यापासून साधारण दोन तासांत काँक्रीट उतरून व्हायला हवं, रिटार्डर घातलेला असेल तर गोष्ट वेगळी. पाचवी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या मोटारीमागे अडकली तर सहावी-सातवीही अडकणार आणि आधी पडलेलं काँक्रीट घट्ट व्हायला लागणार. म्हणून त्या मोटारीच्या मालकाला आदल्या संध्याकाळी भेटून येणं हेसुद्धा स्लॅबचंच काम.

ही सात गोष्टींची चौकशी आदल्या दिवशी करून काही मिळत नाही. दर शनिवारी पुढच्या सहा आठवड्यांवर नजर टाक. सहाव्या आठवड्यातल्या कामाला काय कमी आहे ते आज दिसलं तर मिळवायला वेळ असतो. सण, लग्नसराई आणि सुगीही त्यात धर. होळी-दिवाळीला गावाकडची माणसं जाणारच. 'कधी जाणार, कधी येणार' हे महिनाभर आधी विचारलंस तर खरं सांगतील.

चिंचोक्यांचा खेळ

रविवारी घरी एक खेळ खेळ. सात वाट्या, पस्तीस चिंचोके आणि सापशिडीचा फासा. सात वाट्या म्हणजे सात ठेके. सगळे चिंचोके पहिल्या वाटीत. प्रत्येक फेरीत प्रत्येकाने फासा टाकायचा आणि जितके पडतील तितके चिंचोके पुढच्या वाटीत द्यायचे. पण फेरीच्या सुरुवातीला आपल्या वाटीत जितके होते तितकेच देता येतात. सहा पडले आणि वाटीत दोनच असले, तर दोनच.

फाशाची सरासरी साडेतीन. पस्तीस चिंचोके म्हणजे दहा फेऱ्या, आणि शेवटच्या वाटीपर्यंत पोचायला आणखी सहा. हिशेबाने सोळाव्या फेरीला खेळ संपायला हवा. आम्ही मागच्या दिवाळीत खेळलो तर एकवीस लागल्या. मग नियम बदलला: एक, दोन, तीन पडले तर तीन धरायचे, चार, पाच, सहा पडले तर चार. सरासरी तीच साडेतीन. खेळ सतराव्या फेरीला संपला.

परदेशात या खेळाला परेड ऑफ ट्रेड्स म्हणतात आणि इंजिनिअर मंडळी तो गंभीरपणे खेळतात. त्यातून कळतं ते असं: एक पडलेल्या दिवशी पुढचा अडतो, पण सहा पडलेल्या दिवशी आपल्याच वाटीत पुरेसं काही नसतं. गेलेला वेळ भरून येत नाही. म्हणून एक दिवस रात्रभर दिवे लावून पराक्रम करणाऱ्या ठेकेदारापेक्षा रोज चार खोल्या म्हणून चारच देणारा माणूस तुला जास्त मोलाचा. पराक्रमाचं कौतुक साइटवर सगळेच करतात. नेमाने काम देणाऱ्याचं तू कर.

याच कारणासाठी काम लहान लहान घासांत पुढे सरकव. एक फ्लॅट आधी शेवटपर्यंत ने: गिलावा, फरशी, नळ, रंग, दार. चूक असली तर ती एका फ्लॅटमध्ये निघेल. सगळ्या इमारतीचा गिलावा करून मग फरशीला लागलीस तर तीच चूक अठ्ठावीस फ्लॅटमध्ये फोडावी लागेल.

एक वीट किती वेळा उचलली?

मालाचं थोडक्यात सांगतो. एखाद्या दिवशी एका विटेचा प्रवास लिही. ट्रकमधून फाटकाशी, तिथून पंपाला जागा हवी म्हणून कंपाउंडच्या कडेला, तिथून लिफ्टपाशी, लिफ्टमधून मजल्यावर, मजल्यावरून भिंतीपाशी, आणि मग गवंड्याच्या हातात. पैसे मिळतात ते शेवटच्या उचलीचे. पॅलेटवर बांधलेले ब्लॉक थेट मजल्यावर चढले तर मधल्या चकरा वाचतात.

तुमच्या साइटवर जागा नाही, हे वरदान समज. पुढच्या स्लॅबची सळई आली की पुरे, तीन मजल्यांची नको. सिमेंट तर मुळीच साठवू नकोस, पावसाळ्यात विशेष. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद बरीच उतरलेली असते. आधी आलेली गोणी आधी वापरायची, आणि थप्पी दहा गोण्यांपेक्षा उंच नको.

सळई बारा मीटरची येते. सव्वातीन मीटरचे तुकडे काढलेस तर तीन निघतात आणि सव्वादोन मीटर उरतो. तो खिडकीच्या लिंटेलला जाणार की भंगारात, हे कापायच्या आधी ठरलेलं हवं. कापल्यावर ठरवायला बसलीस तर भंगारवाला आनंदाने येतो.

चुकलं की माणूस शोधू नकोस, कारण शोध

आमच्या एका इमारतीत एका बाथरूमची गळती निघाली. कोबा फोडला, वॉटरप्रूफिंग परत केलं, पाणी भरून ठेवून तपासलं. दोन महिन्यांनी वरच्या मजल्यावर तेच. तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याचं बिल कापून मोकळा होणार होतो. मग ठरवलं, पाच वेळा 'का' विचारू.

का गळलं? कोब्यानंतर कोणीतरी भोक पाडलं म्हणून. का पाडलं? प्लंबरला पाइपची जागा बदलावी लागली म्हणून. का? भिंतीतला कमोड बसवायचं नंतर ठरलं म्हणून. नंतर का? सभासदांनी निवड उशिरा कळवली म्हणून. उशिरा का? अमुक तारखेपर्यंत निवड कळवा, असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं म्हणून.

आणि ते सांगायचं काम माझं होतं. त्यानंतर प्रत्येक कामावर मी एक कागद ठेवायला लागलो: कुठली निवड कुठल्या तारखेनंतर बदलता येणार नाही. पुनर्विकासात सभासद तिथेच राहून गेलेले असतात, त्यांना मत असतंच. त्यांना तारीख दिलीस तर ते तारीख पाळतात. तारीख न देता त्यांच्यावर चिडणं हा आपला आवडता उद्योग आहे.

जिथे वाट बघायची, तिथे बघायचीच

वेळ वाचवायच्या नादात एक चूक करू नकोस. वाट बघणं दोन प्रकारचं असतं. माणसाचं वाट बघणं वाया जातं. काँक्रीटचं वाट बघणं हे कामच आहे. काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्ये, साध्या सिमेंटसाठी टेकू किती दिवस ठेवायचे ते दिलंय: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला 7 दिवस, त्याहून मोठ्याला 14, सहा मीटरपर्यंतच्या बीमला 14 आणि त्यापुढे 21. पाणी मारणं साध्या सिमेंटला निदान 7 दिवस, मिश्र सिमेंट असेल तर निदान 10. वर अजून मजला चढतोय, हवा थंड आहे, तर टेकू आणखीही दिवस ठेवायचे. शेवटचा शब्द आरसीसी सल्लागाराचा, आणि तो लेखी घे. प्लायवुड लवकर सुटावं म्हणून कोणी टेकू काढायला सांगितलं, मग तो कितीही मोठा साहेब असो, तिथे 'हो' म्हणायचं नाही. घट्ट वेळापत्रकाचं नाव सांगून स्लॅब कच्चा खोलणं याला कुठल्याच भाषेत लीन म्हणत नाहीत.

तुझा शब्दही फळ्यावर लाव

शेवटची गोष्ट. त्या फळ्यावर एक रंग तुझा असू दे, पांढरा. 'जिन्याचा सुधारित नक्शा, मंगळवार, मी.' 'प्लंबरच्या कामाची मापं घेऊन बिल ऑफिसला, शुक्रवार, मी.' आणि पुढच्या शनिवारी त्या चिठ्ठ्याही सगळ्यांसमोर मोज. साइटवर नक्शा उशिरा येतो, बिल अडकतं, खर्ची पुढच्या आठवड्यावर जाते, आणि आपण मुकादमाला शिस्त शिकवत असतो. ज्याची माणसं दुकानातून उधारीवर पीठ आणतात, तो तुला खरी तारीख कशाच्या जोरावर देईल? बिल तुझ्या हातात नसेल, पण मापं वेळेवर घेणं तुझ्या हातात आहे. तुझी चिठ्ठी राहिली तर 'राहिली' म्हण आणि कारण लिही. एकदा हे त्यांनी बघितलं की त्यांच्या चिठ्ठ्या आपोआप खऱ्या होतात.

पहिल्या दोन महिन्यांत सगळे तुला 'होऊन जाईल, मॅडम' म्हणतील. वयाने मोठी माणसं आहेत, तू नवी आहेस, तुला दुखवायचं नसतं आणि स्वतःला अडकवूनही घ्यायचं नसतं. रागावू नकोस. 'कोण करणार, मिस्त्री?' एवढंच दर वेळी शांतपणे विचार.

तुझा पहिला स्लॅब पडेल त्या दिवशी नारळ फुटेल, जिलेबी वाटली जाईल आणि तू मला फोन करशील, हे मला माहीत आहे. तो करच. पण त्याच्या आधी एखाद्या शनिवारी कोणी मिस्त्री फळ्यासमोर, सगळ्यांच्या देखत म्हणेल, "नाही मॅडम, गुरुवारी जमणार नाही. शनिवारी देतो." त्या दिवशी जिलेबी तू आण, आणि त्या दिवशीचा फोन आधी कर.

— मामा